सात नंबरचं पाकीट

रविवारी दुपारी लाँड्रीचं शटर खाली आलं की नाना चष्मा पुसायला घेत, आणि मग टपाल वाचायची वेळ झाली हे कुणाला सांगावं लागत नसे. मागच्या खोलीत कपडे निवडायचं लांब टेबल होतं, त्याच्याभोवती सगळ्यांनी बसायचं. आठवडाभरात आलेली पत्रं नानांनी उघडायची आणि मोठ्याने वाचायची, मग ती कुणाच्याही नावाची असोत. हे सुरू केलं नानांच्या वडिलांनी. नानांच्या आईला वाचता येत नव्हतं, आणि घरात पत्र आलं की आपण बाहेरच्या राहतो असं तिला वाटू नये म्हणून वडील सगळंच मोठ्याने वाचत. आई जाऊन चाळीस वर्षं झाली. पत्रं संपली, ई-मेल आल्या. तरी नानांनी माघार घेतली नाही. दुकानाचा आणि घराचा मेलचा पत्ता एकच होता. थोरल्या मुलाने शनिवारी सगळ्या मेल छापायच्या आणि त्यातली एकही न वाचता नानांच्या पुढ्यात ठेवायची, कारण वाचण्याचा मान नानांचा.

शिवाय नानांना मनात वाचता येतच नसे. रस्त्याने जाताना ते दुकानांच्या पाट्यासुद्धा मोठ्याने वाचत आणि शेजारून जाणारी माणसं वळून बघत. "ह्याच्या पोटात अक्षर राहत नाही," असं त्यांची बहीण म्हणायची. बहीण त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला सगळं घर आत्या म्हणे आणि नात आत्याआजी. ती टेबलाच्या त्या टोकाला बसायची, कारण ती तिची कामाचीही जागा होती. गेली पन्नास वर्षं ती तिथे बसून लोकांच्या कपड्यांचे खिसे उलटे करत आली होती.

त्या रविवारी साबणाच्या कंपनीचं पत्रक वाचून झालं. शाळेची सूचना झाली. थोरल्याच्या बायकोच्या हॉस्पिटलातून पुढच्या पंधरवड्याच्या ड्यूट्या आल्या होत्या, त्याही नानांनी वाचल्या. ती नर्स होती, आणि आपली रात्रपाळी कधी ते सासऱ्याच्या तोंडून ऐकायची तिला तेरा वर्षांत सवय झाली होती. "सिस्टरबाई, ह्या खेपेला चारच रात्री," असं नाना खुशीत म्हणाले. धाकटा मुलगा, जो दुकानाची व्हॅन चालवायचा आणि ज्याला पुतणीमुळे सगळे काका म्हणू लागले होते, बिस्किटाचा पुडा एकट्याने संपवत होता. ती पुतणी, वय वर्षं अकरा, टेबलाच्या कडेला नखाने रेघा ओढत बसली होती. सारखी चित्रं काढायची आणि बोटं कायम रंगलेली असायची, म्हणून तिचं नाव पडलं खडू.

नानांनी चौथा कागद उचलला.

"प्रिय नाना," ते त्याच सुरात वाचू लागले. "तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुमच्या खडूला चांगलं ओळखतो. रविवारी तुम्ही हे सगळ्यांसमोर वाचाल, हे तिनेच मला सांगितलंय. तिने मला तिचा फोटो पाठवला आहे. मी अजून मागितले, तसले, तर आता ती..."

नानांची जीभ नेहमी त्यांच्या समजुतीच्या एक ओळ पुढे धावायची. त्या दिवशीही तसंच झालं. काय वाचतोय हे त्यांना कळेपर्यंत ते वाचून झालं होतं. त्यांनी कागद पालथा ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

खडूची खुर्ची मागे सरकली. ती रडली नाही. धुऊन, इस्त्री करून टांगून ठेवलेल्या कोटांची रांग खोलीच्या मागच्या भिंतीला होती. ती त्या कोटांमध्ये शिरली आणि दिसेनाशी झाली.

*

थोरल्याला पहिल्यांदा जी गोष्ट सुचली ती अशी, की मी फिल्टर लावला होता. आणि तो तेच म्हणाला.

"मी फिल्टर लावला होता. टॅबवर, कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे."

मागच्या वर्षी एक अख्खी संध्याकाळ घालवून त्याने ते काम केलं होतं. नको त्या साइट बंद, नको ते शब्द बंद. काम झाल्यावर त्याने बायकोला म्हटलं होतं, आता आपण निर्धास्त. आणि तो खरोखरच निर्धास्त झाला होता. त्यानंतर खडू टॅबवर काय करते हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. चित्रांच्या साइटवर असते एवढं त्याला ठाऊक होतं, आणि चित्रांत कसलं आलंय वाईट?

काका उभा राहिला होता. तो टॅब आधी ताब्यात घ्या, असं त्याचं म्हणणं होतं. आणि हा कोण हरामखोर आहे त्याला मी शोधून काढतो आणि व्हॅनखाली घालतो. नाना त्याला मान डोलावून साथ देत होते. बंद करा ते सगळं, पोरीच्या हातात ते दिलंच कशाला, मी तेव्हाच म्हटलं होतं. खरं तर तेव्हा त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं. खडूने टॅबवर त्यांचं चित्र काढलं तेव्हा ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत फिरले होते.

नर्सने नानांच्या हाताखालून कागद काढून घेतला आणि सगळा वाचला, ओठसुद्धा न हलवता. मग नवऱ्यापुढे ठेवला.

"ह्यात एक तरी वाईट शब्द दाखव."

थोरल्याने वाचला. नव्हता. सगळी भाषा गोड होती.

"तुझ्या फिल्टरला शिवी कळते," ती म्हणाली. "लाडीगोडी कळत नाही."

थोरल्याचा चेहरा पडला. तिला त्याची दयाही आली, पण त्या घटकेला दया करायला तिला सवड नव्हती. काकाने कागद फाडायला हात पुढे केला तेव्हा तिने तो धरला. "फाडायचा नाही. मेलही पुसायची नाही. त्याला उत्तर द्यायचं नाही, शिवीसुद्धा नाही. हे जसं आहे तसं पोलिसांना दाखवायचंय." तिच्या वॉर्डात अशी एक मुलगी आली होती. तिच्या घरच्यांनी रागाच्या भरात सगळं पुसून टाकलं होतं आणि मग हातात काहीच उरलं नव्हतं. ती मुलगी वॉर्डात का आली होती हे मात्र नर्सने सांगितलं नाही. काकाने तिच्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला. त्यानंतर तो तिच्याच बाजूने बोलू लागला.

नाना मात्र एकाच गोष्टीवर अडले होते. "पण तिने मला का नाही सांगितलं? मी तिला कधी रागावलोय? सांग, कधी?"

"नाही रागावलात," नर्स म्हणाली.

"मग?"

तेरा वर्षांत तिने सासऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. कागदाची घडी घालत, खाली मान घालून, शक्य तितक्या हळू आवाजात ती म्हणाली, "तुम्हाला सांगायचं म्हणजे सगळ्यांना सांगायचं, नाना."

नानांनी चष्मा काढला. तो पुसलेलाच होता, तरी पुन्हा पुसू लागले.

ती कोटांकडे जायला निघाली तेव्हा तिला दिसलं, की आत्याची खुर्ची रिकामी आहे.

*

कोटांच्या रांगेमागे एक लाकडी स्टूल होतं, उंचावरचे हँगर काढायला. आत्या त्यावर बसली. गुडघे दुखतात म्हणून ती एरवी त्यावर बसत नसे. खडू तिच्या समोर जमिनीवर होती, पाठ भिंतीला आणि प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला कुणाचा तरी काळा कोट डोक्यावर. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. व्हॅनखाली घालण्याचं ऐकू आलं तेव्हा आत्या म्हणाली, "ह्याला व्हॅन उलटी नीट घेता येत नाही, आणि हा निघालाय माणसं चिरडायला."

खडू हसली नाही.

"बोलायचं नसेल तर बोलू नकोस," आत्या म्हणाली. "मी बसलेय."

"मी तुला सांगितलं होतं."

"मला? कधी?"

"तीन शुक्रवार," खडू म्हणाली. "खिशात."

आत्याला आधी कळेना. मग कळलं.

दुकानात एक नियम होता, आणि तो आत्याने केलेला होता. गिऱ्हाइकाच्या खिशात काहीही सापडो, चिठ्ठी, तिकीट, चावी, अंगठी, एकदा तर पोराचा पडलेला दुधाचा दात, ते छोट्या खाकी पाकिटात घालायचं, वर कपड्याचा नंबर लिहायचा, पिन मारायची आणि कपड्याबरोबर परत द्यायचं. न वाचता, न विचारता. लोक इतक्या वर्षांचे गिऱ्हाईक राहिले त्यात ह्या नियमाचा वाटा साबणापेक्षा मोठा होता. घरच्या माणसांनाही नंबर होते. नाना एक, आत्या दोन, थोरला तीन, काका चार, नर्स पाच. सहा नंबर नानांच्या बायकोचा होता, ती गेल्यावर तो कुणाला दिला नव्हता. म्हणून खडूला सात.

तीन शुक्रवार सात नंबरच्या शाळेच्या गणवेशात घडी घातलेला एकेक कागद निघाला होता. आत्याने तिन्ही वेळा तो पाकिटात घातला होता, पिन मारली होती, आणि इस्त्री केलेल्या गणवेशाखाली ठेवून परत दिला होता. त्यात तिला समाधानही वाटलं होतं. ह्या घरात पोरीचं एक तरी गुपित गुपित राहतंय, आणि ते आपल्या हातून राहतंय.

"तुला आपला नियम माहीत होता ना गं?" तिने विचारलं.

"माहीत होता," खडू म्हणाली. "मला वाटलं, माझं तरी वाचशील."

आत्याने हात पुढे केला. खडूने तो धरला नाही, पण ती उठली, कोपऱ्यातल्या दप्तरापाशी गेली आणि आतल्या कप्प्यातून तीन खाकी पाकिटं काढून आणली. पिना जशाच्या तशा होत्या.

"वाचू?" आत्याने विचारलं.

"मनात."

आत्याने पहिली पिन काढली. घाईत ती नखात रुतली.

*आत्याआजी, इंद्रधनू नावाची एक मुलगी माझी मैत्रीण झाली होती. ती आता घाण फोटो पाठवते. मला वाटतं ती मुलगी नाहीये.*

दुसऱ्या कागदावर अक्षर लहान झालं होतं.

*तो म्हणतो तू पण पाठव. मी पाठवले नाहीत. फक्त चेहऱ्याचा पाठवला होता आधी, आणि कोट घातलेल्या मांजरांची चित्रं. तो म्हणतो नानांना मेल करीन, ते सगळ्यांना वाचून दाखवतील.*

तिसऱ्यावर एकच ओळ होती.

*तू वाचत नाहीस का?*

आत्या स्टुलावरून उतरून खाली बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली, ती तिने ऐकली नाही. आता खडूने स्वतःहून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मग ती रडली. कव्हरं सळसळली, वरचा काळा कोट हँगरवरून निसटून दोघींच्या अंगावर आला आणि तो बाजूला करायचं कुणालाच सुचलं नाही. आत्याही रडत होती. ती म्हणाली, चूक माझी आहे. तीन वेळा तू माझं दार वाजवलंस आणि तीन वेळा मी ते नीट पुसून बंद केलं. तुझं काहीही चुकलेलं नाही, बाळा. काहीही नाही. तू सांगितलं होतंस. तू तीनदा सांगितलं होतंस.

कोटांच्या पलीकडे नर्स उभी होती. तिने सगळं ऐकलं. आत शिरून लेकीला उचलून घ्यावं असं तिला फार वाटलं. पण वॉर्डात ती एक गोष्ट शिकली होती, की ज्याच्यापाशी माणूस पहिल्यांदा बोलतो त्याच्या हातून त्याला ओढून घ्यायचं नसतं. ती तोंडावर हात दाबून तिथेच थांबली.

*

दोघी बाहेर टेबलाशी आल्या, आणि खडूला विचारून आत्याने तिन्ही कागद नर्सला वाचायला दिले. नर्सने लेकीला जवळ घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तू काही वाईट केलेलं नाहीस. चेहऱ्याचा फोटो पाठवलास, तरी नाही. तसला फोटो पाठवला असतास ना, तरीसुद्धा मी हेच म्हटलं असतं. फसवलं त्याने. तो मोठा आहे, वाईटपणा त्याचा." थोरला लेकीच्या समोर उकिडवा बसला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "मी विचारायला हवं होतं गं." खडूने त्याच्या शर्टाच्या बाहीवरची सुरकुती बोटाने सपाट केली. लाँड्रीतल्या मुलीची ती माफी करायची रीत होती.

आत्या आपल्या खुर्चीत बसली आणि भावाकडे वळली.

"मी एकोणीसची होते," ती म्हणाली. "तू सोळाचा. छापखान्यात काम करणारा एक मुलगा आपल्याकडे कपडे टाकायचा. त्याचं मला पत्र आलं होतं. आठवतंय?"

नानांनी चष्मा टेबलावर ठेवला.

"बाबांनी इथेच वाचलं. ह्याच टेबलावर. त्याने लिहिलं होतं, की शर्टाची तुटलेली बटणं मी न सांगता लावून देते हे त्याच्या लक्षात आलंय. बाबा काही वाईट बोलले नाहीत. त्यांना गंमत वाटली. सगळे हसले, आई हसली. तू सगळ्यात जास्त हसलास. पुढे महिनाभर तू मला बटण म्हणायचास."

"ताई," नाना म्हणाले.

"त्याला मी उत्तर लिहिलं नाही. कुणालाच पुन्हा पत्र लिहिलं नाही. आणि त्याच वर्षी हा पाकिटांचा नियम केला, की निदान परक्यांची कागदपत्रं तरी माझ्या हातून कुणी वाचणार नाही. मला वाटायचं, माझा नियम चांगला आणि तुझा वाईट." तिने तीन रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. "घरात सगळं सगळ्यांसमोर, आणि दुकानात काहीच कुणापुढे नाही. पोरगी ह्या दोहोंच्या मध्ये सापडली रे. तुझ्याकडे येता येईना आणि माझ्याकडे येऊन तीनदा परत गेली."

नानांना तो दिवस आठवला. खरं तर तो ते कधीच विसरले नव्हते, पण त्यांच्या आठवणीत ती एक मजेची दुपार होती. इतकी वर्षं ते ती मजा म्हणून सांगत आले होते, तिच्यासमोरसुद्धा. आणि दर वेळी ती उठून चहा टाकायला जायची हे त्यांना आता कळलं.

"मी फार हसलो होतो," ते म्हणाले.

चारच्या सुमाराला निघायचं ठरलं. काका व्हॅन काढायला गेला. थोरल्याने खडूच्या संमतीने सगळे निरोप जसेच्या तसे एका पेनड्राइव्हवर घेतले. तिने दाखवायचे, त्याने वाचायचे नाहीत, असं ठरलं, आणि तो खरोखरच दुसरीकडे बघत बटणं दाबत होता. बूट घालताना खडू एकदम थांबली.

"आई, पोलिसांकडेपण मोठ्याने वाचतात?"

नानांनी ते ऐकलं. त्यांना आयुष्यात कुणी थोबाडीत मारली नव्हती. मारली असती तर अशीच लागली असती.

"नाही," नर्स म्हणाली. "दार लावून. मी शेजारी असेन. आणि तुला नको असेल तेव्हा थांबायचं."

पोलिस ठाण्यात एक मध्यमवयीन अधिकारी बाई होत्या, त्यांनी दार लावलं, खडूला खुर्ची हवी तशी फिरवून दिली आणि सगळं मनात वाचलं. मधूनमधून फक्त विचारायच्या, हे कधीचं, आणि हे? शेवटी म्हणाल्या की इंद्रधनू ह्या नावाविरुद्धची ही चौथी तक्रार आहे, आणि आधीच्या तिघींच्या घरच्यांनी निरोप पुसून टाकले होते, त्यामुळे तुझा फार उपयोग होणार आहे. खडू घरी येताना व्हॅनमध्ये आईला दोनदा म्हणाली, "माझा उपयोग होणार आहे." मग ती आईच्या खांद्यावर झोपली. काकाने सगळ्या रस्त्याने गाडी इतकी हळू चालवली की मागचे भोंगे वाजवत होते.

*

त्यानंतर तीन रविवार टपाल वाचलं गेलं नाही.

चित्रांच्या साइटने ते खातं बंद केलं होतं. पोलिसांतल्या बाईंचा फोन आला होता, की तपास पुढे सरकतोय, वेळ लागेल. खडूचा मेलचा पत्ता आता वेगळा झाला. थोरला रोज संध्याकाळी अर्धा तास तिच्या शेजारी बसे आणि ती त्याला चित्रांच्या साइटवर काय काय असतं ते शिकवी. कोण अनोळखी निरोप पाठवू शकतं, ते कसं बंद करायचं, हे दोघांनी मिळून लावलं. त्याला पुष्कळ गोष्टी ठाऊक नव्हत्या, आणि ते कबूल करताना त्याला पूर्वीइतकं जड जात नव्हतं. आत्याने आपला नियम थोडा बदलला. घरच्या खिशात कागद सापडला आणि त्यावर तिचं नाव असलं, तर ती तो लगेच उघडायची, हातातला कपडा तसाच टाकून. खडूने दोनदा तिची परीक्षा घेतली. एकदा कागदावर नुसतं मांजर होतं, एकदा 'काही नाही, बघत होते' असं लिहिलं होतं. आत्याने दोन्हींच्या खाली 'वाचलं' असं लिहून कागद परत खिशात ठेवले.

नाना मात्र गप्प झाले. रविवारी शटर खाली आल्यावर ते चष्मा न पुसता वर जाऊन पडायचे. छापलेले कागद टेबलाच्या कोपऱ्यात साठत गेले. त्यामुळे नर्सला आपली बदललेली ड्यूटी कळली नाही आणि एकदा ती हॉस्पिटलात जाऊन हात हलवत परत आली. त्यावर एरवी नानांनी आठवडाभर चिडवलं असतं. आता ते काही बोलले नाहीत. रस्त्याने जाताना पाट्याही वाचेनासे झाले. काका आत्याला म्हणाला की घर कसं मुकं झालंय. आत्या म्हणाली, राहू दे, त्याचं त्याला निस्तरू दे. पण तिलाही ते सोसत नव्हतं. त्या दुपारी ते जे 'ताई' म्हणाले होते, ते तिच्या कानातून जात नव्हतं.

चौथ्या शनिवारी सकाळी नानांनी इस्त्री केलेला शर्ट अंगात घातला, तेव्हा खिशात काहीतरी टोचलं. खाकी पाकीट होतं. पिन मारलेली, वर पेन्सिलीने नंबर एक. त्यांना वाटलं, शर्ट धुवायला टाकताना आपणच काही विसरलो असू. ते दुकानात आले, निवडायच्या टेबलाशी बहीण बसली होती तिच्या समोर बसले आणि पिन काढली. आत कागद होता. त्यावर वरच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, *मनात वाचा.*

नानांनी ओठ मिटले. ओठ आपोआप हलायला लागले तेव्हा त्यांनी त्यांवर हात ठेवला. एकेक शब्द वाचायला त्यांना फार वेळ लागला. पहिल्यांदा वाचायला शिकणाऱ्या पोरासारखं त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं.

*नाना, उद्या टपाल वाचाल का? ज्याच्या नावाचं असेल त्याला आधी विचारा. तो नाही म्हणाला तर त्याचं त्याला द्या. बाकीचं वाचा. साबणाचं आणि शाळेचं तर वाचाच. मला तुमचा आवाज ऐकायला आवडतो. तो माणूस म्हणाला होता तुम्ही वाचलंत की मला कुणी घरात घेणार नाही. पण तुम्ही वाचलंत आणि सगळ्यांनी घेतलं. सात नंबर.*

त्यांनी ते दोनदा वाचलं. तोंडावरचा हात काढला नाही. हातावरून पाणी मनगटापर्यंत ओघळलं आणि नव्या इस्त्रीची बाही भिजली, तरी त्यांच्या तोंडून एक अक्षर बाहेर आलं नाही. बहीण कुणाच्या तरी पँटचा खिसा उलटा करायचं थांबली होती.

"काय आहे रे?" तिने विचारलं.

नानांनी कागदाची घडी घातली, पाकिटात ठेवली आणि पिन पुन्हा होती तशी मारली.

"माझं आहे," ते म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तिने पुढे काही विचारलं नाही आणि खिसा उलटा केला.